शीर

दुधात ओटचा कोंडा कालवायचा,
पान रात्रभर त्यात बुडवून ठेवायचं,
सकाळी झाव्याने घासायचं, हलक्या हाताने,
तापातल्या पोराची पाठ पुसावी तसं.
शाई आधी तांबूस होते, मग पिवळट,
मग होती की नव्हती, असं होतं.

नवरा गेल्यावर मी हे काम धरलं.
टीलमथच्या मठाची कातडी चुन्यातून काढते,
ताणते, खरवडते. नखं गेली, पण पोट भरलं.
वाचायला कुणी शिकवलं नाही.
अक्षरं पुसता पुसता ओळखीची झाली,
जशी दारावरून रोज जाणारी माणसं होतात.

नवा राजा बसला त्याच्या चौथ्या दिवशी
दोन गाड्या आल्या. हेरेवाल्डच्या कोठाराच्या वह्या.
ब्रदर टिलरेड म्हणाला, कोरी करून दे,
वर इतिहास लिहायचाय.
कुणाचा?
हेरेवाल्डचाच, म्हणाला, आणि बोटं मोजत बसला.

तो दात घेऊन जन्मला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.
भावाच्या कवटीतून प्यायचा. कावळे त्याला नावाने हाक मारायचे.
झोप, नाहीतर हेरेवाल्ड येईल,
असं मीही माझ्या पोरीला म्हणायची,
आणि मला तर कारण होतं.

वुल्फमारला त्याने तरीच्या ओकवर फाशी दिलं.
तीन मेंढ्या. त्या चोरल्या होत्याच, खोटं कशाला बोलू.
राजा स्वतः आला होता त्या दिवशी.
बुटका, पडसं झालेला, बाहीला नाक पुसत होता.
एकच विचारलं त्याने: दोर नवा आहे ना?
हे वाक्य मी एकोणीस वर्षं
दगडासारखं उशाशी घेऊन झोपले.

एकसष्टाव्या पानावर, मिठाच्या जकातीखाली,
एका आखडलेल्या हाताने लिहिलं होतं:
*नदीपल्याडच्या वुल्फमारच्या विधवेला
दर मेणबत्त्यांच्या सणाला एक गाभण मेंढी.
कुणी दिली ते सांगू नये.*

दर वर्षी पहाटे दारात मेंढी उभी असायची,
गळ्यात गवताची दोरी, अंगावर दहिवर.
मी मठाधिपतीची अंगठी चाटायची त्यासाठी,
एकोणीस वेळा,
आणि तो हात पुढे करायचा.

तीन मेंढ्यांपायी एक माणूस,
आणि त्या माणसापायी एकोणीस मेंढ्या.
हा कुठला हिशेब, मला सुटत नाही.
दयाळू होता असं मी म्हणणार नाही.
वुल्फमारचे पाय बराच वेळ हलत नव्हते, एवढं आठवतं.
नव्या दोराने लवकर होतं का?
कुणाला विचारू? ज्यांना माहीत, ते बोलत नाहीत.

आणि आणखी एक, जे मी टिलरेडला सांगितलं नाही.
त्या मेंढ्या म्हाताऱ्या झाल्या की मीच मारायची,
कातडी मठालाच विकायची.
या ढिगात त्यांच्यातली एखादी असेलही.
कातड्यावरून मेंढी ओळखू येत नाही.

पानामागे अर्धा पेनी मिळतो. पोरीचं लग्न ठरलंय.
मी घासलं. तेही पान घासलं.
फक्त त्या ओळीवर झावा जरा लवकर उचलला.

टिलरेडने एकेक पान खिडकीशी धरलं.
एकसष्टावर थांबला.
इथे काहीतरी दिसतंय, म्हणाला.
शीर आहे, म्हटलं.
रक्त नीट वाहू न देता जनावर मारलं
की कातड्यात शिरा राहतात, त्या जात नाहीत.
त्याने मान हलवली. त्याला काय कळतंय कातड्यातलं.

दात घेऊन जन्मलेला राजा म्हणे
त्याच पानावर सुरू होतो,
सोनेरी अक्षराने.

माझा राग गेलेला नाही.
पण यंदा सणाच्या पहाटे उठले,
आणि उगीचच
दार उघडून पाहिलं.